सातबारा, शटल आणि कादंबरी

कुटुंबावर कादंबरी लिहायला बसणाऱ्याची पहिली पन्नास-साठ पानं भराभर होतात. आजीची दुपार, काकांचा राग, गणपतीत माणसांनी गच्च भरलेलं घर, बोईसरला गाडीतून उतरल्या उतरल्या नाकात शिरणारा एमआयडीसीचा वास, सगळं विनासायास कागदावर येतं. लिहिणारा खूश असतो. मग साठाव्या-सत्तराव्या पानाच्या आसपास पेन थांबतं. आठवणी संपलेल्या नसतात, ढीगभर शिल्लक असतात. पण ही आठवण त्या आठवणीनंतरच का यावी, याला कारण सापडत नाही. वही कपाटात जाते आणि 'एकदा निवांत बसून पूर्ण करायची आहे' हे वाक्य घरात वर्षानुवर्षं ऐकू येत राहतं. पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात कुणी कंपनीत सुपरवायझर असेल, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कुणी अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेलं. अशी वही ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

वही अडते, कारण आठवणींना कथानक नसतं. घरातल्यांविषयी माया किंवा राग असला की सुरुवात होते. दोनशे पानं चालायची तर त्या घरावर बाहेरून काहीतरी येऊन आदळावं लागतं आणि त्यात प्रत्येकानं वेगळं वागावं लागतं. या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली. औद्योगिक वसाहत वाढली. अणुभट्टी क्रमांक तीन आणि चारसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि नाक्यावरच्या जमिनींचे भाव बोलले जाऊ लागले. बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला ठरलं. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. जमीन जाते तेव्हा मोबदला येतो, आणि मोबदला आला की तो कुणाच्या खात्यात, हा प्रश्न ओटीवरून माजघरात शिरतो. तिथे तुमचं कथानक आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो: कुटुंबाच्या कादंबरीचा कणा हिशेब असतो. कोण कमावतं, कोण रांधतं, कोण गावात राहून म्हाताऱ्यांचं करतं, कोण शिकून सुटतं आणि शेवटी कागदावर कुणाचं नाव लागतं. हा हिशेब लेखकाला पक्का ठाऊक असला, की भावना लिहाव्या लागत नाहीत, त्या वाचकाला दिसतात. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) पुन्हा वाचा. कौतिकचा संसार कसा खचत जातो ते सांगताना शेळके तिच्या दुःखावर भाष्य करत बसत नाहीत. घरात काय आलं, काय गेलं, कोण कामाला गेलं, कोण गेलं नाही, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधली शेतकऱ्याच्या घरातली भांडणंही शेताच्या उत्पन्नाला बांधलेली आहेत. शेत पिकत नाही म्हणून शब्द टोचतात. उलट, आई किती सोशिक होती हे सांगणारी कादंबरी चाळीस पानांत दमते. सोशिकपणाला पुढचं प्रकरण नसतं.

तेव्हा अडलेल्या वहीसाठी पहिलं काम: घरातले कागद काढा. माझ्या मते कुठल्याही लेखन कार्यशाळेपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. गाव नमुना सात-बारा घ्या, त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, ते एकेक फेरफार मिळवा. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने स्कॅन केलेले अभिलेख थोडं शुल्क भरून मिळतात. नाही मिळाले तर तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. फेरफार म्हणजे तुमच्या घराण्याचा घटनाक्रम, तारखांसकट. आजोबा वारले, वारस लागले. कर्ज काढलं, बोजा चढला. भावाभावांत वाटप झालं. तुमच्या घरात जी गोष्ट 'तेव्हा जरा कुरबूर झाली होती' एवढ्यावर आटोपते, तिचा महिना आणि वर्ष तिथे लिहिलेलं असतं. त्या महिन्यात घरात आणखी काय चाललं होतं, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी सुटलेली, ते शेजारी मांडा. तीन-चार प्रकरणं तिथल्या तिथे दिसू लागतील.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. जुन्या नोंदींत पुष्कळ ठिकाणी भावांची नावं मालकीच्या रकान्यात आणि बहिणींची या 'इतर हक्का'त सापडतात. मग कधीतरी हक्कसोडपत्र होतं. बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येतात, अंगठा किंवा सही करतात, जेवून, साडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मराठी घरांत यापेक्षा मोठं नाट्य क्वचित घडत असेल, आणि ते घडताना कुणी आवाज चढवत नाही. सही करणारी बहीण काय विचार करते? माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून किंमत मोजतेय, असं तिला वाटतं का? की तिला खरंच नको आहे? भावजय त्या दिवशी जेवायला काय करते? चार बहिणींपैकी तिघींनी सही केली आणि चौथीनं 'पुढच्या वेळी बघू' म्हटलं, तर तुमची कादंबरी सुरू झाली.

इथे वर्ष नेमकं लागतं. वारसाहक्काचा कायदा बदलत गेला आहे आणि कुटुंबाच्या कादंबरीत कायदा हेही एक पात्र असतं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना जन्मानं हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एका बहिणीचं लग्न १९९४ च्या मे महिन्यातल्या सराईत झालं आणि धाकटीचं त्याच डिसेंबरात, तर एकाच आईच्या दोन लेकींचे हक्क वेगळे. केंद्राचा दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाला, तेव्हा हा फरक गेला. मग वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर काय, यावरून वर्षानुवर्षं खटले चालले, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मुलीचा हक्क जन्मानं असल्याचं स्पष्ट केलं. तुमच्या कादंबरीतली बहीण १९९३ मध्ये सही करते की १९९६ मध्ये की २०२१ मध्ये, यावर तिच्या सहीचं वजन बदलतं. १९९३ मधली बहीण बहुधा रीत पाळते. २०२१ मधली बहीण मोबाइलवर वकिलाचा व्हिडिओ बघून आलेली असते. एकच प्रसंग, पण दोन वेगळ्या कादंबऱ्या.

वारली किंवा अन्य आदिवासी कुटुंबावर लिहिणार असाल तर मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमीन हातातून कशी जाते, याच्या वाटा तिथे निराळ्या आहेत. आणि मागे जायचं असेल तर १ एप्रिल १९५७ ही तारीख विसरू नका. कृषक दिन. त्या दिवशी कायद्यानं कसणारं कूळ मालक ठरायला लागलं. तुमचं घर त्या दिवशी कुठल्या बाजूला होतं, जमीन मिळालेल्यांच्या की गेलेल्यांच्या, हे घरातल्या थोरल्यांना विचारा. उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा, वहीत आधी तो लिहा.

याच ओघात एक अवघड गोष्ट. आपल्याकडे बागायतदाराच्या, सावकाराच्या घरावर कुणी लिहायला घेतलं की वाडीत राबणारी माणसं बहुतेक 'गडी' या एका शब्दात येतात आणि जातात. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या भागात लग्नगड्याची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला बांधली जायची, कित्येकदा जन्मभर. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ती व्यवस्था आणि १९४५ पासूनचा वारल्यांचा लढा लिहून ठेवला आहे. ज्या घरात लग्नगडी होता, त्या घराच्या कादंबरीत तो नसेल, तर हिशेब खोटा आहे. कविता महाजनांच्या 'ब्र' (२००५) मध्ये निवडून आलेल्या आदिवासी बाया स्वतःच्या तोंडानं बोलतात. बाहेरची बाई ऐकते. ऐकण्याची ती तऱ्हा शिकण्यासारखी आहे.

बोईसरच्या नव्या घरांचं काय? ज्यांच्याकडे सातबाराच नाही? वन-बीएचके घेऊन राहिलेला जळगावचा ऑपरेटर, गोरखपूरहून आलेला फिटर, केरळहून आलेली नर्स. त्यांचं कुटुंब दोन खोल्यांत अर्धं आणि गावी अर्धं असतं. अशा घरासाठी रेशनकार्ड काढा. मुलीचं लग्न झालं की नाव कमी करायचा अर्ज, सासरी नाव वाढवायचा अर्ज. मधले काही महिने ती कुठल्याच कार्डावर नसते. कंपनीची पगारपत्रकं, गावी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, शाळेच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख. आणि शिफ्ट. नवरा रात्रपाळीला, बायको जनरलला, मुलगा सकाळच्या शाळेत: या घरातली तीन माणसं आठवड्यात एकत्र कधी जेवतात, हे तक्त्यात मांडून बघा. कादंबरीतली सगळी मोठी बोलणी त्या एकाच जेवणात होणार आहेत, किंवा होणार नाहीत.

सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूरच्या मच्छीमार घरांचं वेळापत्रक आणखी वेगळं. १ जूनला मासेमारी बंद होते. एरवी समुद्रावर असलेला पुरुष पावसाळाभर घरात असतो आणि मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईच्या राज्यात तो पाहुणा असतो. बोटीचं कर्ज, डिझेलची उधारी, सोसायटीचा हप्ता, जाळ्यांची डागडुजी, मुलाचं 'मी बोटीवर जाणार नाही, कंपनीत लागतो' हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आतच बोललं जातं. एका बंदीच्या काळात घडणारी कादंबरी लिहून बघा. बांधणीचा अर्धा प्रश्न कॅलेंडर सोडवेल.

तपशिलाबद्दल थोडं कडक बोलतो, कारण स्थानिक वाचक माफ करत नाही. चर्चगेटहून सुटणारी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली एप्रिल २०१३ मध्ये. तुमची नायिका २००८ मध्ये बोईसरहून लोकल पकडत असेल तर पालघरचा वाचक पुस्तक मिटेल. तेव्हा ती शटलनं विरारला जाऊन गाडी बदलायची, किंवा पास काढून एखादी मेल-एक्सप्रेस धरायची. फ्लाइंग राणीचे डबलडेकर डबे जुलै २०२३ मध्ये गेले. धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले ते नोव्हेंबर २०१८ पासून, आणि त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची कुटुंबं रात्री घराबाहेर झोपत होती. चार भिंतींची सवय असलेल्या घराला उघड्यावर निजवणं, कोण कुणाच्या शेजारी अंथरूण टाकतं ते दाखवणं, ही संधी कादंबरीकाराला रोज मिळत नाही. तारीख चुकवलीत तर ती वाया जाते.

आता सांगणार कोण? इथे नवखा लेखक हमखास 'मी' घेतो आणि तो 'मी' घरातला सगळ्यात समंजस, सगळ्यात अन्याय झालेला असतो. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' यमूच्या तोंडून सांगितली, 'करमणूक'मधून क्रमशः. एका पुरुषानं बाईच्या 'मी'त शिरून ब्राह्मणी एकत्र कुटुंब आतून दाखवलं, १८९० च्या दशकाच्या आरंभी. आपल्यापासून सगळ्यात लांब असलेल्या माणसाचा आवाज घ्यावा, हा धडा त्यात आहे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये एकाच घरातला भाऊ आणि बहीण एकाच माणसाबद्दल सांगतात. दोघांच्या सांगण्यामधली फट वाचक भरतो. अडलेल्या वहीवर हा प्रयोग लगेच करता येईल. तुमचं सगळ्यात आवडतं प्रकरण घ्या आणि ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्या तोंडून पुन्हा लिहा. काका कंजूष होते, असं तुम्ही लिहिलं असेल. काकांच्या तोंडून लिहिताना कळेल की तिघा भावांच्या मुलांच्या फिया त्याच पैशातून जात होत्या. काका तरीही कंजूष राहतील, राहू द्या. फक्त आता ते माणूस असतील.

घरातल्यांना विचारायचं कसं, यातही कसब आहे. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना' म्हटलं की म्हातारी माणसं कीर्तन सुरू करतात. भाव विचारा. पहिला पगार किती होता, तो कुणाच्या हातात दिला, पैसे नसलेल्या दिवशी चुलीवर काय चढायचं, लग्नात कोण रुसलं आणि कशावरून. मावशीला जुना फोटो दाखवा आणि त्यात नसलेल्या माणसाबद्दल विचारा. रेकॉर्डिंग करणार असाल तर सांगून करा. आणि माहिती सगळ्यांकडून घ्या, परवानगी कुणाकडूनच मागू नका. परवानगी मागितली की पंचायत बसते आणि पंचायतीनं कादंबरी लिहिल्याचं उदाहरण मला माहीत नाही.

मग माणसं दुखावतील त्याचं काय? दुखावतील. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर, आणि ही बाई कोण यावरून गदारोळ उठला. त्या मालतीबाई बेडेकर. मध्यमवर्गीय घरांत कमावत्या लेकीचं लग्न लांबवलं जातं, तिच्या पगारावर घर चालतं, हे त्यांनी लिहिलं होतं, पुन्हा हिशेबच. टोमास मानच्या 'बुडेनब्रूक्स'मध्ये (१९०१) ल्यूबेक शहरातल्या लोकांनी आपापले शेजारी शोधून काढले, आणि १९१३ मध्ये मानच्या सख्ख्या काकांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्याचा निषेध केला. १९२९ चं नोबेल मानला मिळालं ते मुख्यतः त्याच पुस्तकासाठी. याचा अर्थ काका चुकले असा मी काढणार नाही. काकांना ते घर कळत होतं.

टोपणनाव हा एक मार्ग आहे. पालघरसारख्या ठिकाणी तो आठवडाभर टिकेल. आपल्याकडे आडनाव आणि गाव एवढं सांगितलं की जात, आळी आणि चुलतभाऊ तिन्ही कळतात. त्यामुळे नुसतं नाव बदलून भागत नाही. व्यवसाय बदला, भावंडांची संख्या बदला, थोरल्याचा दोष धाकटीला द्या, दोन मामांचा एक करा. गाव स्वतःचं बनवा, पण त्याच्या आजूबाजूची स्टेशनं, नाके, खाड्या खऱ्या ठेवा. उमरोळी आणि बोईसरच्या मध्ये गाडी न थांबणारं एक गाव वसवायला तुम्हाला कुणाची हरकत नाही. एवढं बदलताना एक चमत्कारिक फायदा होतो: खऱ्या माणसाला चिकटून राहायचं ओझं उतरतं आणि पात्र स्वतःच्या पायांनी चालायला लागतं.

कायदाही माहीत असू द्या. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' या ओळीवर विसंबू नका. माणूस ओळखू येत असेल तर ती ओळ वाचवेलच असं नाही. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. मजकूर खरा असणं एवढंच पुरत नाही, तो सार्वजनिक हिताचाही असावा लागतो. मृत माणसाबद्दल लिहूनही, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलं असेल तर हे कलम लागू शकतं. वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली पत्रं जशीच्या तशी छापू नका. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. पत्रातली हकिकत घ्या, शब्द तुमचे लिहा. शंका असेल तिथे वकिलाला दोन प्रकरणं वाचायला द्या. आणि छापण्याआधी हस्तलिखित घरातल्या एकाच माणसाला दाखवा, जो सगळ्यात जास्त दुखावेल त्याला. बहुतेकदा तो तुम्ही घाबरत होता त्या पानावर गप्प राहतो आणि भलत्याच कुठल्यातरी तपशिलावर चिडतो, 'आमच्याकडे पाहुण्यांना कधी कोरा चहा दिला नाही' असल्या. तो तपशील बदलून टाका. बाकीचं तुम्ही ठरवा.

वेळेचं रडगाणं मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि दापोली-हर्णैच्या बाजूची माणसं लिहीत होते. 'तुंबाडचे खोत' हे चार पिढ्यांचं दोन खंडांतलं काम १९८७ मध्ये आलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. दुसऱ्या टोकाला साने गुरुजी: १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. पाच दिवसांची गोष्ट ऐकून कुणी रजा टाकून बसू नये. आईच्या त्या गोष्टी गुरुजींच्या मनात आणि ओठांवर लहानपणापासून घोळत होत्या. कागदावर यायला तेवढे पाच दिवस लागले. ज्यांना लिहायला वेळ नाही त्यांनी आधी सांगायला सुरुवात करावी. मुलांना, पाळीतल्या जोडीदाराला, गाडीतल्या ग्रुपला. ऐकणारा कुठे मोबाइल काढतो ते लक्षात ठेवा, तेवढं कापायचं.

बोईसर ते चर्चगेट अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. जाताना बसायला जागा मिळते, येताना मिळेल याची खात्री नाही, म्हणून सकाळच्या प्रवासात लिहा आणि परतताना फक्त विचार करा. मोबाइलवर मराठीत बोलून टंकन होतं. गर्दीत बोलवत नसेल तर अंगठ्यानं टाइप करा, पण युनिकोडमध्ये, म्हणजे पुढे संपादकाला फाइल उघडेल. रोज तीनशे शब्द धरले तर दोनशे दिवसांत साठ हजार शब्द होतात, आणि मराठीत तेवढी मध्यम आकाराची कादंबरी झाली. फिरत्या पाळीच्या माणसानं रोजचा हट्ट सोडावा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवं लिहिणं जमत नाही, झोप मोडलेली असते. त्या आठवड्यात कागदपत्रं, फोन, टाचणं करा आणि जनरल शिफ्टच्या आठवड्यात लिहा. घरातल्या बाईनं लिहायचं असेल तर प्रश्न तासांचा कमी आणि दाराचा जास्त असतो. दार लावून बसलेली बाई घरात कुणालाच चालत नाही. त्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे, वाचनालय. रोज एक तास घराबाहेर, ठरलेल्या वेळी, 'कामाला जाते' असं सांगून.

बोलीबद्दल थोडक्यात. वाडवळी, मांगेली, वारली, भंडाऱ्यांची बोली, त्यात गुजराती आणि आता हिंदी: आपल्या भागाचा कान समृद्ध आहे. बोली ज्या घरात वाढलात त्याच घराची लिहा. दुसऱ्याची बोली ऐकीव लिहिली की नकलेसारखी होते. 'धग'मध्ये वऱ्हाडी संवाद वाचताना कोश लागत नाही, कारण प्रसंगच अर्थ सांगतो. तळटीप द्यावी लागत असेल तर प्रसंग कच्चा आहे. आणि लक्षात घ्या, आजची घरं एका बोलीची नाहीत. आजी वाडवळीत बोलते, सून प्रमाण मराठीत उत्तर देते, नातू हिंदीत गेम खेळतो. तीन पिढ्यांचं भांडण लिहिताना कोण कोणत्या भाषेत ओरडतो, एवढं नीट ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

पुरी झालेली कादंबरी दोन महिने झाकून ठेवा. मग मोठ्यानं वाचा आणि पहिलं प्रकरण काढून टाकता येतं का बघा. बहुतेक वेळा येतं. घराण्याचा मूळपुरुष कुठून आला ते वाचकाला लगेच नको असतं. लग्नाची वर्णनं निम्मी करा. आजारपणंही.

प्रकाशनाचं सांगायचं तर सुरुवात दिवाळी अंकांपासून करावी. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पाडलेली ही प्रथा अजून चालू आहे, आणि कादंबरीतलं एखादं सलग प्रकरण दीर्घकथा म्हणून तिथे जाऊ शकतं. मजकूर पावसाळ्यातच पाठवावा लागतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून कोकणातल्या लिहित्या माणसांना व्यासपीठ देते आहे. कार्यक्रमांना जा, पण हस्तलिखित सभेत वाटू नका. 'खर्चाचे पैसे तुम्ही द्या, आम्ही छापतो' असं म्हणणाऱ्याकडे जायचं की नाही हा तुमचा खिसा ठरवेल. जाणार असाल तर किती प्रती, कुठे विक्री आणि हक्क किती वर्षांसाठी, हे कागदावर घ्या. चांगल्या प्रकाशकाकडून उत्तर यायला सहा-आठ महिने सहज लागतात. त्या काळात रोज फोन करू नका आणि पाठवलेल्या फाइलला हातही लावू नका. दुसऱ्या कादंबरीचे फेरफार काढायला घ्या.